खोलगटात साचणारी थंडी

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास, नाशिक जेमतेम सहाशेवर. तरी डिसेंबर-जानेवारीत पेपरातला किमान तापमानाचा रकाना पाहिला, तर बऱ्याचदा नाशिकचा आकडा महाबळेश्वरच्या खाली असतो आणि निफाडचा नाशिकच्याही खाली. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडच्या कुंदेवाडी केंद्रात पारा दोन अंशांखाली उतरला होता. जितकं उंच तितकं गार, हे शाळेत शिकलेलं गणित हिवाळ्यातल्या पहाटे आपल्याकडे चालत नाही.

कारण साधं आहे. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला. अशा रात्री जमीन दिवसभराची ऊब भराभर आकाशात सोडून देते. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि ओढ्या-नाल्यांच्या वाटेने पाण्यासारखी उताराला लागते. जिथे खोलगट सापडेल तिथे साचते. दुपारी तिशीजवळ गेलेला पारा पहाटे एक आकडी होतो तो असा.

आता आपण तंबू कुठे ठोकतो, कॅराव्हॅन कुठे उभी करतो, ते आठवा. धरणाच्या फुगवट्याकाठची हिरवळ, नदीच्या वळणावरचा सपाट तुकडा. सूर्यास्ताच्या फोटोला या जागेला तोड नाही, आणि पहाटे पाचला हीच जागा शिवारात सगळ्यात गार आणि दमट. धरणाचं मोठं पाणी थोडी ऊब धरतं हे खरं, पण धुकं आणि दवही देतं. गेल्या हिवाळ्यात आम्ही स्वतः गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी अशाच खळग्यात गाडी लावून झोपलो. काचा घट्ट बंद केल्या होत्या. पहाटे जाग आली ती छतावरून कपाळावर पडणाऱ्या थेंबांनी. आमच्याच श्वासाची वाफ गार पत्र्याला लागून पाणी झाली होती. वीस-पंचवीस फूट वर, उताराच्या मध्यावर, आंब्याच्या आडोशाला गाडी लावली असती तर रात्र सुखाची गेली असती. झाडाचा पसारा डोक्यावर असला की जमिनीची ऊब उघड्या आभाळाकडे तितकी निसटत नाही.

बांधापलीकडच्या द्राक्ष बागायतदाराला हे कुणी शिकवावं लागत नाही. मण्यांना तडे जायची भीती असते, म्हणून तो कुंदेवाडीचा आकडा रोज पाहतो, रात्री बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे पाणी सोडतो. आपण कॅम्पवाले मात्र ‘गुलाबी थंडी’ जाहिरातीत छापतो आणि रात्री अकराला पाहुण्याला एक जादा ब्लँकेट देतो. तेही अंगावर घ्यायला! थंडी खालून चढते. इगतपुरीकडे भाताचा पेंढा हवा तितका मिळतो. ताडपत्रीखाली त्याचा जाड थर टाका, वर दोन गोधड्या अंथरा, मग पांघरुणाचं बोला. पेंढा घातला की शेकोटी लांब, हे सांगायला नकोच.

शेकोटीवरून एक गोष्ट मात्र कठोरपणे सांगायची आहे. सिगडी, कोळशाची शेगडी, गॅसचा हीटर, काहीही पेटतं तंबूत किंवा गाडीत झोपताना ठेवायचं नाही. पाहुणा कितीही गयावया करो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि गुदमरल्याची जाणीव होण्याआधीच माणूस झोपेत जातो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतोच; कॅराव्हॅन त्या न्हाणीघरापेक्षा फार मोठी नसते. समोरासमोरच्या दोन झडपा बोटभर उघड्या ठेवल्या तर वाफही निघते. गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी दिली, तर हीटरची आठवणही येत नाही.

परदेशी पुस्तकांतलं नळ गोठण्याचं प्रकरण वाचून घाबरू नका. उंचावरच्या वाळवंटातला तो प्रश्न आपल्याकडे क्वचितच येतो. लडाखला गाडी नेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे साधं डिझेल थिजतं, म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये, हेही तिकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आपला खरा शत्रू अवकाळी आहे. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट निफाड-चांदवडकडच्या बागायतदारांना विसरता येणार नाही. चांदणी ताणून, सोलर पॅनेल उघडं ठेवून झोपणाऱ्यांनीही विसरू नये.

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. पार्कच्या जागा ठरवताना रस्ता, वीज, पाणी पाहिलं जातं. पहाटेचा पारा कुणी पाहिल्याचं आम्हाला दिसलेलं नाही. तो पाहणं आपल्याच हातात आहे. किमान-कमाल दाखवणारे दोन थर्मामीटर घ्या. एक कॅम्पच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, दुसरा उतारावर, दोन्ही जमिनीपासून सव्वा मीटरवर आणि आडोशाला. सूर्योदयानंतर लगेच नोंद करा. डिसेंबर-जानेवारीच्या नोंदी आमच्याकडे पाठवा, मार्चच्या अंकात जागेच्या वर्णनासह छापू. थर्मामीटर तंबूच्या आत मात्र लटकवू नका; पाहुण्यांच्या श्वासाचं तापमान आम्हाला नको आहे.