वुडसनचे यश आणि बचावाचा हिशेब

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हंगामातील सर्वोत्तम खेळाडूस १९३५ पासून जे हाइझमन पारितोषिक दिले जाते, त्याच्या मानकऱ्यांची यादी चाळू लागले म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांनी आणि चेंडू घेऊन धावणाऱ्यांनीच ती बव्हंशी व्यापलेली दिसते. म्हणूनच १९९७ सालापुढे मिशिगन विद्यापीठाच्या चार्ल्स वुडसनचे नाव आले की वाचकाने क्षणभर थांबावे. कारण बचाव हेच ज्याचे मुख्य काम, अशा खेळाडूस हा मान मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. मान सर्वथा योग्य होता. ज्या कारणांनी तो मिळाला ती मात्र अपुरी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओहायो राज्यातील फ्रीमाँट गावी १९७६ मध्ये जन्मलेल्या या मुलाची पावले उपजतच वाकडी होती, आणि ती सरळ करण्यासाठी बालपणीची पहिली काही वर्षे त्याला उपचारांत काढावी लागली. पुढे त्याच पावलांच्या बळावर तो शालेय फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणारा म्हणून राज्यभर गाजला; परंतु स्वतःच्या राज्याचे विद्यापीठ सोडून, त्याचे परंपरागत प्रतिस्पर्धी असलेल्या मिशिगनकडे तो १९९५ मध्ये रुजू झाला आणि तेथे त्याची तैनाती कॉर्नरबॅकच्या जागी झाली.

या जागेचे काम मोठे कठीण आहे. समोरचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, कोठे वळणार हे रिसीव्हरला ठाऊक असते, बचाव करणाऱ्यास नसते. पाठमोऱ्या दिशेने धावत, केवळ प्रतिस्पर्ध्याच्या कमरेच्या हालचालीवरून त्याचा हेतू ओळखून, चेंडू हवेत असतानाच त्याला निर्णय करावा लागतो. आणि यात तो जितका निपुण होत जातो, तितका त्याच्या बाजूस चेंडू फेकण्याचा धोका क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, पत्करेनासा होतो. अडविलेले चेंडू दप्तरी दाखल होतात, पण भयाने न फेकलेल्या चेंडूची नोंद कोठेच होत नाही; परिणामी ज्याचा दरारा अधिक, त्याच्या नावावर जमा कमी, असा हा विपरीत जमाखर्च असतो.

वुडसनने असा हिशेबही ओलांडला. १९९७ च्या ऑक्टोबरात मिशिगन स्टेटविरुद्ध, क्वार्टरबॅकने मैदानाबाहेर जावा म्हणूनच भिरकावलेला चेंडू त्याने सीमारेषेजवळ उंच झेपावून एका हाताने टिपला. नोव्हेंबरात ओहायो स्टेटविरुद्ध त्याने ३७ यार्डांचा एक झेल घेऊन टचडाउनचा मार्ग मोकळा केला, पंट, म्हणजे प्रतिपक्षाने लाथेने दूर धाडलेला चेंडू, झेलून ७८ यार्ड धावत स्वतः टचडाउन केले, आणि प्रतिपक्षाचा एक पास अंतिम क्षेत्रातच हिरावून घेतला. मिशिगनने तो सामना २०–१४ असा जिंकला. डिसेंबरात टेनेसीच्या पेटन मॅनिंगला १५४३ आणि वुडसनला १८१५ मतगुण पडले. नववर्षदिनी रोझ बोलमध्ये वॉशिंग्टन स्टेटवर २१–१६ असा विजय मिळवून मिशिगनने बारा सामन्यांचा अपराजित हंगाम पुरा केला आणि १९४८ नंतर प्रथमच राष्ट्रीय विजेतेपदात नेब्रास्कासह वाटा मिळविला.

आता ओहायो स्टेटविरुद्धच्या त्या तीन कृती पुन्हा तपासून पाहाव्यात. त्यांपैकी दोन बचावाच्या नव्हेतच. प्रशिक्षक लॉइड कार यांनी त्याला आक्रमणातही उतरविले नसते, पंट झेलावयास उभे केले नसते, तर मतदारांची दृष्टी त्याच्यावर स्थिरावली असती काय? २०२४ मध्ये हेच पारितोषिक कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरला मिळाले. तोही कॉर्नरबॅक, परंतु रिसीव्हर म्हणूनही तितकाच पराक्रमी. निव्वळ बचावावर हाइझमन मिळविणारा खेळाडू अजून झालेला नाही, आणि त्यास त्या खेळाडूंचे उणेपण नव्हे, आपली मोजण्याची रीत जबाबदार आहे.

जे घडले नाही ते मोजावे कसे, असा प्रश्न कोणी विचारील. एखाद्या कॉर्नरबॅकच्या बाजूस किती वेळा चेंडू फेकला गेला, त्यातून प्रतिपक्षाच्या पदरी किती यार्ड पडले, आणि किती डावांत त्याच्या रिसीव्हरकडे क्वार्टरबॅकने पाहिलेदेखील नाही, हे चित्रफितींवरून सहज काढता येते. मत देणारे वृत्तलेखक आणि माजी मानकरी यांनी अशी आकडेवारी पुढ्यात घेतल्यावाचून मत नोंदवू नये, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

वुडसनने पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये ६५ पास हिरावले, आणि २०२१ मध्ये त्याला व मॅनिंगला एकाच वेळी व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. १९९७ चा कौल काळाने योग्य ठरविला आहे. पुढचा असा कौल मिळविण्यासाठी एखाद्या बचावपटूस आक्रमकाचेही काम अंगावर घ्यावे लागू नये, इतका न्याय या खेळाने स्वतःस द्यावयास हवा.

— क्रीडोपासक