उत्साह एप्रिलचा, पोहणे वर्षभराचे

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कुठल्याही शहरातल्या सार्वजनिक जलतरण तलावावर जावे. पासच्या खिडकीसमोर रांग असते, हातात फिटनेस सर्टिफिकेटच्या झेरॉक्स असतात, सकाळच्या बॅच भरलेल्या असतात आणि पोहण्यापेक्षा एकमेकांना चुकवण्यातच जास्त दमायला होते. तोच तलाव जुलैमध्ये पाहावा. पाणी तेच, शिट्टी तीच, जीवरक्षकही तोच. माणसे मात्र बोटांवर मोजण्याइतकी. वर्षाचा पास काढलेल्यांपैकीही बरेच जण घरी. दिवाळीनंतर यातलीच काही मंडळी सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत भेटतात. साखर वाढलेली असते, रक्तदाबाच्या एका गोळीच्या दोन झालेल्या असतात. ‘व्यायाम चालू आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर ठरलेले: ‘करत होतो डॉक्टर, मध्यंतरी खंड पडला.’

पुढचे वाक्यही बहुतेक ठरलेलेच असते. ‘आळशीच आहे मी, दुसरे काय!’ यावर डॉक्टर मान डोलावतात, मधुमेहाने मूत्रपिंडाचे आणि डोळ्यांचे काय होते ते दोन मिनिटांत पुन्हा सांगतात आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावतात. व्यायाम टिकत नाही यात दोष रुग्णाच्या स्वभावाचा आहे, असे या खोलीत दोघांनीही गृहीत धरलेले असते. तिथेच गल्लत होते.

ब्रिटनमध्ये विद्यापीठातल्या २४८ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला व्यायामाबद्दल विशेष काही सांगितले नाही. दुसऱ्याला हृदयविकार आणि व्यायाम यांविषयीचा प्रेरणा देणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्या गटाला तोच मजकूर दिला, पण सोबत एका कागदावर लिहायला लावले: पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार. त्या आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटे व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३८ टक्के निघाले. प्रेरणा मिळालेल्या दुसऱ्या गटात ३५ टक्के. आणि वार, वेळ, जागा लिहून दिलेल्या तिसऱ्या गटात ९१ टक्के. तरुण विद्यार्थी आणि एकच आठवडा, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा पन्नाशीच्या माणसाला लावता येणार नाही. पण दुसऱ्या गटाचा आकडा प्रत्येक डॉक्टरने टेबलाच्या काचेखाली ठेवावा असा आहे. ओपीडीत व्यायामावर जे भाषण होते, ते नेमके त्या दुसऱ्या गटाला दिलेले औषध आहे.

प्रश्न लहान नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ साली आलेल्या पाहणीनुसार २०२२ मध्ये भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होते, पुरुषांमध्ये ४२. पुरेशी म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकद देणारे काहीतरी करावे. मध्यम श्रम म्हणजे बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागणे.

तलावाच्या हिशेबात हे बसवून पाहिले तर पाऊण तासाच्या तीन बॅच होतात १३५ मिनिटांच्या. अर्थात पाऊण तास पाण्यात असणे आणि पाऊण तास पोहणे यांत फरक आहे. नवशिक्याचा निम्मा वेळ काठ धरून गप्पा मारण्यात जातो. पण तलावापर्यंत पायी जाणे-येणे धरले आणि काठावरची विश्रांती हळूहळू कमी केली, तर आठवड्यातून तीन दिवस पोहणाऱ्याचे गणित बरेचसे जुळते. रोजच पोहायला हवे असे काही नाही. ‘रोज करीन’ हा संकल्प बहुधा दुसऱ्या आठवड्यात मोडतो आणि मोडलेल्या संकल्पाबरोबर माणूसही घरी बसतो.

एका तहसील कार्यालयात काम करणाऱ्या बाईंचे उदाहरण घेऊ. वय ५२, सहा वर्षांचा मधुमेह, वजन ७८ किलो आणि जिना उतरताना बोलणारे गुडघे. चालायला सांगितले की दोन आठवडे चालायच्या, गुडघा सुजायचा, बंद व्हायचे. जिममध्ये वर्षाचे पैसे भरून झाले होते. गेल्या होत्या अकरा वेळा. हा अनुभव त्यांच्या एकटीचा नाही. अमेरिकेतल्या जिमच्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांच्या तीन वर्षांच्या नोंदी दोन अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या. महिन्याला सत्तरहून अधिक डॉलर भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चारदा-पाचदाच येत होते. एकेका खेपेला त्यांना सतरा डॉलर पडत होते, तर खेपेगणिक पास घेतला असता दहाच पडले असते. पैसे भरले म्हणजे आपण जाऊच, हा स्वतःबद्दलचा अंदाज माणूस नेहमी फुगवून करतो. जिम दिवसभर उघडी असते, त्यामुळे ‘संध्याकाळी जाऊ’ म्हणण्याची सोयही दिवसभर उघडी राहते.

तलावाची बॅच ही सोय देत नाही. साडेसहाची बॅच साडेसहालाच सुरू होते आणि सव्वासातला शिट्टी वाजली की पाण्याबाहेर यावेच लागते. लोक याला गैरसोय म्हणतात, आणि आहेच. पण कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे इथे पासवरच छापलेली असतात. भर म्हणून रोजची चार तोंडे असतात. ‘काय हो, मंगळवारी दिसला नाहीत?’ एवढे विचारणारे कुणी असले की माणूस गुरुवारी येतो. मोबाइलमधले पावले मोजणारे ॲप हे काम करते, पण त्याला गप्प करता येते.

या बाई पोहायला शिकल्या त्याच तलावावर, ५२व्या वर्षी. लहानपणी आजोळच्या विहिरीत भाऊ पाठीला डबा बांधून उड्या मारायचे आणि मुली काठावर कपडे सांभाळायच्या, हे त्यांच्या पिढीला वेगळे सांगायला नको. पहिला महिना त्या उथळ बाजूला नुसत्या चालल्या. हाही व्यायामच आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवर शरीराचे साधारण निम्मेच वजन येते, मानेपर्यंतच्या पाण्यात जेमतेम दहावा भाग. गुडघ्याला जवळपास सुट्टी मिळते आणि पाण्याचा रेटा ढकलताना मांडीचे स्नायू मात्र काम करतात. गुडघेदुखीच्या रुग्णाला ‘चाला’ आणि ‘वजन कमी करा’ असे एका दमात सांगणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. पोहायला येऊ लागल्यावर मात्र एक सावधगिरी हवी. ब्रेस्ट स्ट्रोकमधली बेडकासारखी लाथ काही गुडघ्यांना सोसत नाही. दुखले तर पाय सरळ ठेवून मारावेत.

गणपतीत दहा दिवस गेले. मग मुलीची परीक्षा, मग सर्दी. तीन आठवडे तलाव सुटला. अशा वेळी मन जे बोलते ते ओळखीचे आहे: ‘आता एक तारखेपासून’, नाहीतर ‘पाडव्यापासून नीट सुरू करू’. व्यायामाचा खरा घात होतो तो इथे. खंड प्रत्येकाचाच पडतो, तो पडू न देण्याची शपथ निरुपयोगी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर सवय कशी लागते ते पाहिले. एखादी कृती आपसूक व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला अंदाजाने २५४. एकवीस दिवसांत सवय लागते, हे जे सगळीकडे ऐकू येते त्यात फारसे तथ्य नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही.

एक दिवस चुकणे आणि तीन आठवडे चुकणे एक नव्हे, हे खरे. तिथे दुसरा अभ्यास उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या एका जिम-साखळीच्या ६१ हजार सभासदांवर ५४ प्रकारच्या क्लृप्त्या वापरून पाहिल्या गेल्या. निष्कर्ष २०२१ साली ‘नेचर’मध्ये आले. सगळ्यांत सरस ठरली ती अगदी साधी क्लृप्ती: चुकलेल्या दिवसानंतर जो परत येईल त्याला थोडे जादा बक्षीस. न चुकणाऱ्याचे कौतुक सगळेच करतात, परतणाऱ्याचे कुणी करत नाही. (याच अभ्यासातला कडू भागही सांगायला हवा. चार आठवड्यांनी बक्षिसे थांबली आणि बहुतेक क्लृप्त्यांचा परिणाम ओसरला.) बाई परतल्या तेव्हा त्यांना बक्षीस वगैरे कुणी दिले नाही. पण बॅचमधल्या एका आजींनी ‘या, तुमचीच वाट पाहत होतो’ म्हटले आणि त्या दिवशी काठावर भाजक्या शेंगा निघाल्या. परतलेल्या माणसाने पहिल्या दिवशी जुन्या फेऱ्यांचा हिशेब मात्र पुरा करू नये. निम्म्याच माराव्यात आणि अंग दुखायच्या आत बाहेर यावे.

उत्साह मारणारी आणखी एक वस्तू घराघरांत असते, ती म्हणजे वजनकाटा. पोहून आल्यावर भूक सणसणून लागते आणि तलावाबाहेरच वडापावची गाडी असते. वर्षभर पोहूनही या बाईंचे वजन दोनच किलो उतरले. काट्यावर विसंबल्या असत्या तर केव्हाच सोडून दिले असते. पण त्याच गोळ्यांवर तीन महिन्यांची साखर ८.४ वरून ७.६ वर आली, जिना उतरताना कठड्याचा आधार सुटला आणि झोप लागू लागली. सुरुवातीला पंचवीस मीटरची एक फेरी मारून धापा टाकणाऱ्या बाई आता न थांबता आठ मारतात. मोजायचेच तर हे मोजावे. पोहण्याच्या मर्यादाही आहेत. पाणी वजन उचलून धरते, म्हणून हाडांच्या बळकटीसाठी पोहणे फारसे कामाचे नाही. पाळी गेलेल्या बायकांनी जोडीला झेपेल तेवढे चालणे आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे असा व्यायाम ठेवावाच.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी पाण्यात उतरू नये; पाण्यात चक्कर येणे आणि जमिनीवर चक्कर येणे यांत फार अंतर आहे. पायाला जखम असेल तर तलाव बंद. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांनी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये. छातीत दुखणे, फिट येणे किंवा कानाच्या पडद्याला छिद्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि शॉवर घेऊनच पाण्यात जावे. तलावावर डोळ्यांना झोंबणारा जो ‘क्लोरिनचा वास’ येतो, तो बराचसा क्लोरिन आणि आपला घाम, लघवी यांच्या संयोगातून तयार झालेल्या रसायनांचा असतो.

इथपर्यंत सगळे माणसाच्या हातातले झाले. पण वेळ आणि जागा ठरवायला मुळात वेळ आणि जागा असावी लागते. खासगी क्लबची फी परवडणारे थोडे. बाकीच्यांना सार्वजनिक तलाव हाच आधार. तो दुरुस्तीसाठी बंद झाला की कधी उघडेल याची तारीख फलकावर क्वचितच असते. सहा महिन्यांनी तलाव उघडतो तेव्हा लागलेल्या सवयी मोडलेल्या असतात. औषधांचा साठा संपला तर निदान ओरड होते. तलाव बंद राहिल्याने किती जणांची साखर वाढली, हे कुठल्याच नोंदवहीत येत नाही. उद्यानाला लागतो तसा देखभालीचा पैसा तलावालाही लागतो आणि तो आरोग्यावरचा खर्च म्हणून धरायला हवा.

बायकांच्या बॅचची वेळ हा तर वेगळाच विषय. बहुतेक ठिकाणी ती भर दुपारी किंवा चार ते पाच अशी मिळते, म्हणजे पुरुषांच्या बॅच लावून उरलेला वेळ. राज्य सरकारच्या कार्यालयांची वेळ पावणेदहा ते सव्वासहा आहे. नोकरी करणाऱ्या बाईने चारला तलावावर यायचे कसे? पुरेशी हालचाल नसलेल्या बायका १०० पैकी ५७, याचे कारण त्यांच्या इच्छाशक्तीत शोधण्याआधी तलावाच्या दारावरचे वेळापत्रक वाचावे.

तहसील कार्यालयातल्या बाई शनिवार-रविवारी चारच्या बॅचला जातात आणि बुधवारी पहाटे सर्वांसाठीच्या बॅचला, गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घालून. आधी अवघडल्यासारखे व्हायचे, आता होत नाही. पण त्यांच्या ओळखीच्या दहा-बारा जणी याच एका कारणाने येत नाहीत. संध्याकाळी सात ते पावणेआठ ही एक बॅच आठवड्यातून तीन दिवस महिलांना द्यावी, असा अर्ज त्यांनी २६ सह्यांनिशी फेब्रुवारीत दिला आहे. त्या वेळेला पुरुषांच्या बॅचमध्ये पावसाळ्यात सात-आठ जण असतात, हेही त्यांनी मोजून अर्जात लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.