फुकटचा गाळा आणि डॉलरचे भाडे

पलूसच्या पेठेत गाळ्याचे भाडे वाढले, तर मालकाच्या दारात जाऊन चार शब्द बोलता येतात. पण गाळ्याचा मालक सातासमुद्रापार असेल तर? हा प्रश्न आता आमच्या बागवान, अत्तार, मणेर बंधूंपुढेही आला आहे. उधारीची खाती, मालाचा साठा, गिऱ्हाइकांचे पत्ते हे सारे मोबाईलवर दिसते खरे. पण पुष्कळदा ते असते क्लाऊडवर, म्हणजे दुसऱ्याच्या, भाड्याने घेतलेल्या संगणकावर.

हेरोकू ही अमेरिकन कंपनी नवशिक्या प्रोग्रामरांना अशी जागा फुकट देत असे. ऑगस्ट २०२२ मध्ये तिने ही सोय बंद करण्याचे जाहीर केले आणि २८ नोव्हेंबरपासून अंमल सुरू केला. फुकट खात्यांचा गैरवापर होतो, हे कारण सांगितले. प्रोग्रामर मंडळी संतापली. आमच्या मते मात्र कंपनीने दर लावला यात गैर काही नाही. फुकटचा धंदा कोण किती दिवस चालवील? चूक आहे ती पर्याय न ठेवता बेसावध राहण्याची.

पर्याय असला की काय होते, तेही पाहा. गूगलने नकाशांचे दर २०१८ मध्ये भरमसाट वाढवले. जुलै २०२४ मध्ये ओला कंपनीने गूगलचे नकाशे सोडून स्वतःचे वापरण्यास सुरुवात केली. त्याच महिन्यात गूगलने भारतासाठी सत्तर टक्क्यांपर्यंत दरकपात जाहीर केली आणि रुपयांत बिल घेण्याचीही तयारी दाखवली. समोर दुसरा गाडा लागला की भाव उतरतो, हे बागवानाला सांगायला नको.

ओलाइतके बळ आपल्यापाशी नाही. म्हणून तीन गोष्टी कराव्यात. सॉफ्टवेअर करून देणाऱ्याशी लेखी करार करावा. दरवाढीची आगाऊ सूचना किती दिवस आधी मिळेल, ते त्यात असावे. बिल शक्यतो रुपयांत ठरवावे, म्हणजे डॉलर वधारला तरी आपले कंबरडे मोडणार नाही. आणि दर महिन्याला सगळ्या हिशेबाची नक्कल काढून ती आपल्या दुकानात ठेवावी. दर वाढला म्हणून गावातल्या प्रोग्रामर पोरावर आगपाखड करण्यात अर्थ नाही. तोही आपल्यासारखाच भाडेकरू आहे.

गाळा बदलता येतो. पण दहा वर्षांची उधारीची वही जुन्या गाळ्यातच अडकली, तर वसुली कोणाकडे आणि कशाच्या आधारे करणार? व्यापारी बंधूंनी याचा आजच विचार करावा.