सोलापूरचे भाडे आणि कामाचे अंतर

सोलापुरात भाड्याचे घर शोधताना कामाचे अंतर दोनदा मोजावे लागते. साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौक या पूर्व भागातल्या कुटुंबांत पुष्कळदा पुरुष यंत्रमागावर असतो आणि बाई विड्या वळते. त्याला पाळीला हजर राहायचे असते. तिचे काम घरी चालते खरे, पण पाने-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला तिला कारखान्याच्या शाखेत जावेच लागते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, तासांवर नव्हे. त्यामुळे शाखेच्या वाटेत गेलेला वेळ थेट कमाईतून वजा होतो. दोन खोल्यांचे भाडे कमी असलेले लांबचे घर अशा कुटुंबाला महाग पडते, आणि दलाल सांगतो त्या आकड्यात हा खर्च कधीच नसतो.

हा प्रश्न एकेकाळी गिरण्यांनी आपल्या पद्धतीने सोडवला होता. 1874 साली स्थापन झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग म्हणजे आजच्या बोलण्यातली जुनी मिल. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या आल्या. भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर कामगारांच्या चाळी होत्या. खोल्या कोंदट होत्या, त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण कामगार घरून चालत कामावर जात असे. गिरण्या बंद पडल्या, माग गल्लीबोळांतल्या लहान कारखान्यांत आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत गेले. थोडेसे माग चालवणारा मालक कामगारांसाठी चाळ बांधत नाही. ती जबाबदारी मग कोणीच घेतली नाही.

शासनाने आणि कामगार संघटनांनी जे केले ते मालकीच्या घरांचे. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पाठपुराव्यातून कुंभारी येथे विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली; तिथल्या 10,000 घरांचे हस्तांतर 2006 मध्ये झाले. त्याच भागात असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांच्या रे नगरची आखणी झाली आणि 19 जानेवारी 2024 रोजी पहिली 15,024 घरे देण्यात आली. देशात एवढे काम फार थोड्या शहरांतल्या कामगारांनी करून घेतले आहे. मात्र कुंभारी शहराबाहेर आहे. एमआयडीसीतल्या माग कामगाराला ती उलट जवळ पडते. जुन्या पेठेत माग चालवणाऱ्याला लांब. रात्रपाळीवाल्याला सिटी बसचा भरवसा नसतो, आणि विडी कामगार बाईची सोय शाखा वसाहतीत असली तरच होते. शिवाय मालकीच्या घरासाठी स्वतःचा हिस्सा भरावा लागतो. यंदाच गाव सोडून आलेल्या, पुढे पुण्याला जायचे की इथेच राहायचे हे न ठरलेल्या कुटुंबाला मालकी नको असते. त्याला परवडणारी भाड्याची खोली हवी असते. परवडणाऱ्या भाडेघरांची केंद्राची योजना 2020 मध्ये आली, पण पूर्व भागातला भाडेकरू आजही वाड्यातल्या किंवा पत्र्याच्या खोलीच्या मालकाशीच बोलणी करतो. परवडणाऱ्या भाडेघरांना पहिला हक्क पेठांमधल्या सार्वजनिक मालकीच्या मोकळ्या जागांवर असायला हवा.

तोवर घर पाहताना भाड्याआधी पाण्याची पाळी विचारावी लागते. महापालिकेचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. टाकी नसलेल्या घरात त्या दिवशी कोणाला तरी घरी थांबावे लागते, म्हणजे पुन्हा मजुरी बुडते.

राहिला करार. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 55 सांगते की करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये, ग्रामीण भागात 500, मुद्रांक वेगळा. एवढा खर्च टाळण्यासाठी तोंडी व्यवहार सर्रास चालतात. अनामत किती दिली, खोली कधी सोडायची, यावर नंतर भांडणे होतात ती इथेच. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, कायदा खरे मानतो. ही तरतूद ठाऊक असलेले भाडेकरू थोडे, आणि घरमालकही.