धीर कुणाचा, पावती कुणाची?



गेल्या रविवारी मंदिरातून परतताना एका ओळखीच्या काकूंनी माझ्या दिरांचं तोंड भरून कौतुक केलं. "दोन वर्षं झाली गाडी सांगून, पण माणूस हूं की चूं करत नाही. संयम असावा तर असा!" तिथे मी हसले. घरी येऊन मात्र चैन पडेना.

गाडी साधी नव्हे. जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारची नक्कल, ऑर्डर घेऊन हाताने बांधायची. मूळ लोटस सेव्हन १९५७ सालची, कॉलिन चॅपमन यांची. तेव्हा हौशी लोक सुटे भाग आणून ती घरीच जोडायचे. त्याच धर्तीची रोडस्टर आपल्या अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने केली. फायबरची बॉडी, आणि इंजिन अँबॅसिडरमध्ये बसायचं तेच इसुझूचं १.८ लिटरचं. भाऊजींची दुसरीकडे होते आहे. तिच्यात दोनच माणसं बसतात. भाजीची पिशवी मांडीवर घ्यावी लागेल, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

कारखान्यावर माझा राग नाही. हातकामाला वेळ लागतो, हे सोलापूरकरांना सांगायला नको. आणि गाडीसाठी थांबणंही आपल्याला नवं नाही. याच गावात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, आणि पुढे तिथल्या फियाटसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. माझे सासरेही बसले होते. पण ती गाडी आली तेव्हा आम्ही सात जण दाटीवाटीने कुंथलगिरीला गेलो. ते थांबणं घराचं होतं.

भाऊजींचं थांबणं कसलं? रोज रात्री मोबाईलवर फोटो बघायचे, रंग हिरवा की लाल यावर तासभर बोलायचं. मनात वस्तू अशी ठाण मांडून बसलेली असताना त्याला संयम कसं म्हणायचं? आपण परिग्रहाचं परिमाण करतो ते कपाट मोजून. मनातलं कोण मोजणार? आणि हाच माणूस सूर्यास्ताआधीच्या जेवणाला भाकरी पाच मिनिटं उशिरा आली तर ताट सरकवतो.

खरं थांबणं त्याच घरात दुसरीकडे चालू आहे. पुतणीला एम.एस्सी.साठी पुण्याला जायचंय. गेल्या वर्षी "पुढच्या वर्षी बघू", या वर्षीही तेच. धाकट्या जाऊबाई ओट्याखाली बादली लावून गळका नळ चालवताहेत. त्यांना कुणी संयमी म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्यांच्या थांबण्याची पावती नाही, ॲडव्हान्स नाही, तारीख नाही. बाईचं थांबणं आपणच इतकं गृहीत धरतो की ते मोजतही नाही. काकू, कौतुक करायचं तर आधी त्या पोरीचं करा. नाहीतर कुणाचंच करू नका.

परवा मी भाऊजींना सरळ विचारलं, "गाडीचा पुढचा हप्ता भरण्याआधी पोरीच्या प्रवेशाचे पैसे भराल का? गाडी थांबेल, प्रवेशाची तारीख थांबणार नाही."

ते म्हणाले, "वहिनी, त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत."

चहा गाळता गाळता जाऊबाई थांबल्या. म्हणाल्या, "वेगळ्या कशा, ते मलाही सांगा."