नटव्यांच्या बाजूने

दिवाळी अंकांतून बायकांच्या नटण्याची थट्टा करण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. बाहेर टांगा ताटकळत उभा आहे, नवरा घड्याळाकडे बघून दातओठ खातो आहे आणि बायको काही आरशापुढून हलत नाही, हे चित्र मी लहानपणापासून पाहत आले. टांग्याच्या जागी रिक्षा आली, चित्र तेच राहिले. हसायला माझी हरकत नाही. मीही हसले आहे. पण या हसण्याने आमच्या मुलींच्या मनात एक गोष्ट घट्ट बसवली, ती अशी की नटणे हे चोरून करायचे काम आहे. आणि जे काम चोरून करायचे, ते नीट कसे करावे हे कोणी कोणाला शिकवत नाही.

म्हणून मी आज नटव्यांची बाजू घेणार आहे. माझे स्पष्ट मत आहे, की पावडर-लिपस्टिकने जेवढे चेहरे बिघडले असतील त्याहून अधिक चेहरे तिच्या लाजेने बिघडले आहेत. आता कोणी म्हणेल, तुम्ही राहता पावसला. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला लांबलांबून माणसे येतात, त्या गावच्या बाईने लिहायचे तर ज्ञानेश्वरीवर काही लिहावे, हे लाली-पावडरचे काय घेऊन बसलात? ज्ञानेश्वरीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. तोंड पुसायच्या स्पंजावर लिहिणारे कोणी दिसत नाही, म्हणून मी लिहिते.

आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबर सरेपर्यंत हवेतली ओल हटत नाही. पापड मऊ पडतात, चपलांवर बुरशी चढते, कपाटातल्या रेशमी साडीला कुबट वास येतो. अशा हवेत घरातली मुलगी तोंडाला रंग लावायचा स्पंज ओलाच डबीत कोंबते, डबी पेटीत जाते आणि पेटी खाटेखाली, कारण तो दोरीवर वाळत घातला तर आजी विचारणार, "हे काय गं सोंग?" चार दिवसांनी तोच स्पंज बाहेर निघतो आणि गालावर फिरतो. मग गालावर पुटकुळ्या उठतात आणि आजी विजयी मुद्रेने म्हणते, "बघ, मी सांगत नव्हते?" आजी, पुटकुळ्या उठवल्या त्या तुमच्या प्रश्नाने!

कॉलेजला रत्नागिरीस जाणाऱ्या मुलींचे आणखी निराळे. घरून पैसे मागायची सोय नाही, म्हणून चौघींनी वर्गणी काढून एक लिपस्टिक आणि एक काजळाची पेन्सिल घ्यायची, आणि एस.टी.तून उतरल्यावर ती चौघींच्या हातांतून फिरायची. एकीचे डोळे आले की आठवड्यात चौघींचे येतात. एकीच्या ओठावर पाणीदार फोड उठले की ते फोड लिपस्टिकबरोबर दुसरीच्या घरी जातात. उघडपणे प्रत्येकीला आपापली घेता आली असती, तर हे झाले नसते.

आता जरा पुरुषांच्या दाढीकडे पाहा. दाढीचे सामान घरातल्या एका ठरलेल्या फळीवर, सर्वांच्या देखत मांडलेले असते. ब्रश धुतला जातो, झटकला जातो, उभा टांगला जातो, आणि त्याला दुसऱ्याने हात लावला तर घर डोक्यावर घेतले जाते. केशकर्तनालयात गेल्यावर "नवे पाते लाव" असे आमचे गृहस्थ मोठ्याने सांगतात. एड्सची भीती पसरल्यापासून तर खेड्यातला न्हावीही न सांगता नवे पाते काढतो. हे उत्तमच आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत घोड्याच्या केसांच्या दाढीच्या ब्रशांतून काळपुळीचा रोग पसरला होता आणि माणसे दगावली होती. तेव्हा ब्रशची काळजी घेणे हा काही छांदिष्टपणा नव्हे. माझा प्रश्न एवढाच, की हनुवटीवर फिरणारा ब्रश ही आरोग्याची बाब आणि गालावर फिरणारा ब्रश हा थिल्लरपणा, ही वाटणी कोणी केली?

बरे, स्वच्छता आमच्या घरांना ठाऊक नाही असेही नाही. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालून बघा! घरातली लहान पोरेसुद्धा ओरडतील. ओल गेली की बुरा येतो, हे शास्त्र कोकणातल्या प्रत्येक बाईला पाठ आहे. पण क्रीमच्या डबीत आम्ही ओले बोट खुशाल बुडवतो, आणि तेही आठ जणींची आठ बोटे. लोणच्यात निदान मीठ आणि तेल राखणदार असते. क्रीममध्ये पाणी असते, आणि त्यात घातलेले टिकाऊपणाचे औषध काही अमरपट्टा घेऊन येत नाही. म्हणून तर बऱ्याच डब्यांवर झाकण उघडलेल्या बरणीचे एक इवलेसे चित्र छापलेले असते आणि त्यावर सहा, बारा असा आकडा असतो. उघडल्यापासून तेवढ्या महिन्यांत वस्तू संपवावी, असा त्याचा अर्थ. पापण्यांना लावायचा मस्कारा तर तीन महिन्यांनंतर ठेवू नये असे डॉक्टर सांगतात. आमच्याकडे तो थोरल्या बहिणीच्या लग्नात घेतलेला धाकटीच्या लग्नापर्यंत चालतो.

इंग्लंडातल्या ॲस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली वापरात असलेली ४६७ प्रसाधने गोळा करून तपासली. दहांतल्या आठ-नवांवर जंतू निघाले. रंग पसरवायच्या स्पंजांपैकी शंभरातले ९३ कधी धुतलेच गेले नव्हते आणि ६४ जमिनीवर पडूनही वापरात होते. येथे कोणी मला अडवील: "तिकडे तर नटण्याची लाज नाही, मग तिकडच्या बायका का धुवत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. तिकडे नटायला बाजाराने शिकवले, आणि बाजार घ्यायला शिकवतो, धुवायला शिकवत नाही. धुण्यात विकणाऱ्याला काय मिळायचे? आमच्याकडे बाजार आला आहे आणि आजी अजून शाबूत आहे. धुणे आजीला येते. म्हणून तर मी बाजार सोडून आजीशी भांडते आहे.

आमच्याकडची लग्ने बहुधा एप्रिल-मेमधली, आंब्याच्या ऐन धांदलीतली. नवरीला सजवायला शहरातून बाई येते, मोठी पेटी उघडते, आणि एकच स्पंज नवरीच्या तोंडावरून करवलीच्या, करवलीच्या तोंडावरून वरमाईच्या आणि हौसेने पुढे सरकलेल्या चारदोन मावश्यांच्या तोंडावरून फिरतो. घाम सगळ्यांनाच आलेला. अशा एका लग्नघरी "हा धुतलेला आहे ना?" असे मी विचारले, तर सगळ्याजणी माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मी मंगलाष्टके थांबवली. त्याच घरी जेवणावळीची भांडी मात्र दोनदा विसळून घेत होते.

आणि नवरीच्या तोंडाला त्या सकाळी जे लागते त्यातले निम्मे तिने आयुष्यात प्रथमच लावलेले असते. दुकानात मनगटावर एक रेघ ओढली, रंग पसंत पडला, झाली परीक्षा! ही रंगाची परीक्षा झाली, कातडीची नव्हे. पावसच्या माणसाला तरी हे सांगायला नको होते. हापूसच्या देठाचा चीक गालावर उडाला तर काय होते ते येथे कोणाला माहीत नाही? काहींना तो लागल्याबरोबर भाजतो, काहींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड येतात, आणि एखादा भाग्यवान चिकाने माखून निघतो तरी त्याला काही होत नाही. काजूच्या टरफलातले तेल तसेच, बिब्बा तसाच. तिन्ही झाडे एकाच कुळातली. ज्याच्या-त्याच्या कातडीचा स्वभाव निराळा, आणि वावडे बहुधा एक-दोन दिवस दबा धरून मग उठते, हे आमचे बागायतदार कोणत्याही पुस्तकाशिवाय जाणतात. तरी मुलीच्या तोंडाला नवे क्रीम लावून तासाभरात ते मानवले असे ठरवतात.

त्वचेचे डॉक्टर सांगतात ती परीक्षा अगदी बिनखर्चाची आहे. नवी वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला पैशाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ लावायची, सात ते दहा दिवस. कंड नाही, लाली नाही, तर मग तोंडाला. केसांच्या कलपाला आणि झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीच्या कोनाला तर दोन दिवस आधी परीक्षा घेतल्याविना हात लावू नये. त्यांतल्या काळ्या रंगाचे रसायन काहींच्या कातडीला अक्षरशः जाळते. लग्न ठरल्यापासून लागेपर्यंत महिनेच्या महिने असतात. त्यात पत्रिकेच्या कागदाचे पन्नास नमुने बघतात. कोपराला आठ दिवस देत नाहीत!

येथे जुन्या मताची मंडळी हमखास म्हणतात, "म्हणून आमचे घरचे बरे. हळद, कुंकू, उटणे. त्यात काही भय नाही." उटण्यावर माझे प्रेम आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल चोळून उटणे लावल्याशिवाय मला दिवाळी आल्यासारखे वाटत नाही. पण झाडापासून आले म्हणून निर्धोक, हे म्हणणाऱ्याने आधी बिब्बा लावून दाखवावा. गेल्या दिवाळीचे उरलेले, पावसाळा खाल्लेले उटणे यंदा लेकराच्या अंगाला लावणे हा पवित्रपणा नव्हे, कंजूषपणा आहे. कुंकू म्हणाल, तर हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस देऊन केलेले कुंकू वेगळे, आणि गिरणीतल्या पिठात कापडाचा रंग कालवून पुडीत भरलेले वेगळे. तशा रंगांनी भांगात आणि कपाळावर कंड उठल्याची, काळे डाग पडल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो, तोही नोंदलेला आहे. असा डाग दिसू लागला की टिकली त्याच दिवशी थांबवावी. शेंदूर तर शिशाचाच. देवाला खुशाल लावा.

आता ज्या गोष्टीने मला खरोखर संताप येतो तिच्याकडे येते. ज्या घरात मुलीच्या लिपस्टिकवर नाक मुरडतात त्याच घरात सून बघायला गेल्यावर पहिला प्रश्न रंगाचा असतो. ओठ रंगवणे हा नखरा, पण कातडी खरवडून गोरे होणे हे मात्र कर्तव्य! गोरेपणाच्या नावाने विकली जाणारी एक प्रसिद्ध मलई १९७५ साली बाजारात आली, आणि तिच्या नावातला गोरेपणा निघायला २०२० साल उजाडावे लागले. नाव बदलले, वरमाईचा प्रश्न बदलला असे मला दिसलेले नाही.

या प्रश्नाची किंमत अकोल्यातल्या एका घराने मोजली. एका तरुण मुलीने स्थानिक पार्लरमधून आणलेले गोरे करणारे क्रीम लावले, तिचे पाहून आईने आणि बहिणीने लावले, आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला तो क्रीममधल्या पाऱ्याचा. ही हकीकत २०२३ साली वर्तमानपत्रांतून आली. पारा कातडीतला रंग तयार होणे रोखतो, म्हणून चेहरा खरेच उजळतो. तेथेच माणूस फसते. तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साचतो. टॉवेल-उशीवाटे तो न लावणाऱ्या मुलाबाळांपर्यंतही पोचतो. २०२० च्या प्रसाधन नियमांप्रमाणे अशा क्रीममध्ये नकळत राहिलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. शिवाय बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख वेष्टनावर हवी. ज्या डबीवर यांतले काही नाही ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. स्टिरॉइडच्या मलमांचेही असेच. चौदा प्रकारची मलमे चिठ्ठीविना विकू नयेत असा आदेश २०१८ साली निघाला, तरी "शेजारणीला गुण आला" या एका चिठ्ठीवर ती अजून घरोघर पोचतात. यावर आजीने ओरडावे. येथे मी आजीच्या पाठीशी उभी राहीन.

धुण्याविषयी मात्र आजीला नवे काही शिकायचे नाही. कोमट पाणी, केसांना लावतो तो साधा शांपू, आणि ब्रशचे केस खाली करून तळहातावर गोल फिरवायचे, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. केस जेथे दांड्यात बसवलेले असतात तेथे पाणी मुरू देऊ नये. डिंक सुटतो आणि केस गळू लागतात. मग फडक्यात दाबून, टोकाला आकार देऊन, आडवा किंवा केस खाली करून वाळवायचा. पेल्यात उभा ठेवला तर सारे पाणी दांड्यात उतरते. आठ-दहा दिवसांनी एकदा एवढे केले की पुरते. स्पंज दरवेळी पिळून धुवावा. पुस्तकांत लिहितात, रात्रभर ठेवला की वाळतो. ते पुस्तक लिहिणारा आषाढात पावसला आलेला नाही. येथे त्याला पंख्याखाली टांगावे लागते, आणि वीज गेली तर दोन दिवस नटणे पुढे ढकलावे. न्हाणीघरात ठेवणे तर सर्वांत वाईट. पावसाळ्यात स्पंजाला वास आला, काळा ठिपका दिसला की कचऱ्यात टाकावा, त्याला चुना लावून वाचवण्याच्या खटपटी करू नयेत. काजळाची पेन्सिल टोक काढून वापरावी आणि कोणाला देऊ नये, अगदी सख्ख्या बहिणीलाही.

तुळशीचे लग्न लागले की माणसांचे मुहूर्त निघतील. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी नवरी सजवणाऱ्या बाईला विसार देतानाच दोन गोष्टी बोलून घ्याव्यात: तोंडाला जे लावणार ते पंधरा दिवस आधी थोडे आणून द्या, आणि ब्रश धुऊन आणा. बाई रागावली तर दुसरी बघावी. स्पंज तर आपणच नवा घेऊन ठेवावा, नवरीला एक, करवल्यांना एकेक. वरमाईलाही एक वेगळा घ्यावा. तिने विचारलेच, तर मानाचा आहे म्हणून सांगावे.