डोंगर कुणाच्या बापाचा?

साथींनो,

विद्यापीठाच्या हायकिंग क्लबाचा वर्षाचा कार्यक्रम बोर्डावर लागलाय. पावसाळ्यात राजमाची, दिवाळीनंतर कळसूबाई, थंडीत हरिश्चंद्रगड, कोकणकड्यावर दोर टाकून उतरणं, मे महिन्यात हिमालय. खाली ठळक अक्षरात : डोंगर सर्वांचा, प्रवेश सर्वांना! त्याखाली बारीक अक्षरात : सॅक, स्लीपिंग बॅग, बूट ज्याचे त्याने आणावेत. वर्गणी आगाऊ.

बारीक अक्षर वाचायला शिका. आता आपल्याला हाकलायला पाटी लागत नाही. बारीक अक्षर पुरतं.

जिमखाना फी मात्र सगळ्यांकडून उकळतात. नाक्यावर उभं राहून रोज मिळवणाऱ्याच्या पोराकडूनसुद्धा. त्या पैशातून दोर येतात, तंबू येतात, आणि कपाटाची किल्ली ठरलेल्या चार आडनावांत फिरत राहते. रविवारी आपला पोरगा कुठं असतो? सॅक त्याच्याही पाठीवर असते, पण डिलिव्हरीची. जिने तोही चढतो, पण दुसऱ्याचं जेवण घेऊन. आणि सोमवारी हेच कँटीनमध्ये बोलणार, तुमच्या पोरांना निसर्गाची आवडच नाही!

आवड आम्हाला शिकवता? गडाखालच्या घेऱ्यात पहारा कुणाचा होता? रामोशी, बेरड, कोळी, महार, मांग यांचा. पावसात, अंधारात, जनावरांत. गड जिंकणाऱ्यांची नावं बखरीत गेली, राखणाऱ्यांच्या वाट्याला नुसती जात आली. आजही कळसूबाईखालच्या बारी गावात ज्याच्या ओट्यावर बसून तुम्ही पिठलं-भाकर हाणता, त्या महादेव कोळ्याचं नाव तुमच्या अहवालात कधी छापलंत? 'स्थानिक वाटाड्या' एवढंच!

आणि गडाच्या दारात आम्हाला काय मिळालं तेही ऐका. १९३४ साली बाबासाहेब तीसएक माणसांसह वेरूळला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. दारातल्या हौदाच्या पाण्यानं धुळीची तोंडं धुतली, तर पाणी बाटवलं म्हणून गर्दी अंगावर आली. शेवटी किल्ला पाहिला तो हत्यारी शिपाई सोबत घेऊन. आत कुठं पाण्याला शिवू नये म्हणून! परदेशातून डॉक्टरेट आणलेला माणूस, आणि पहारा कशावर? त्याच्या ओंजळीवर.

काही साथी म्हणतात, सोडा ना, भरल्या पोटाचे चाळे आहेत ते. नाही! हे मला मंजूर नाही. ज्या रविवारी हे ट्रेकला जातात तो रविवार गिरणीतल्या माणसाला कुणी मिळवून दिला? सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंड्यांनी, १८९० साली, कामगारांना उभं करून. रविवार आपण भांडून घेतला आणि डोंगर त्यांना आंदण द्यायचा? पोटाइतकाच मोकळ्या वाऱ्याचाही हक्क असतो.

आपल्यात दम नाही म्हणणाऱ्यांनी एव्हरेस्टकडे बघावं. २५ मे २०१४ ला शेतमजुरांची तेरा वर्षांची आदिवासी पोर मालावत पूर्णा आणि तिच्याबरोबर दलित पोरगा आनंदकुमार, दोघं तिथं उभे राहिले. समाजकल्याणच्या निवासी शाळांतली ही पोरं. २०१८ साली चंद्रपूरच्या आश्रमशाळांतले पाच आदिवासी विद्यार्थी चढले. दम होताच. सरकारी पैशातून बूट आणि शिकवणारा मिळाला, एवढाच फरक.

म्हणून अर्ज-विनंत्या नकोत. क्लबाच्या पुढच्या सभेला सगळ्यांनी जायचं आणि मांडायचं :

१. जिमखाना फीतून सगळ्या मापांचे बूट, सॅक घ्या. नाव नोंदवून कुणालाही उसने द्या.
२. स्कॉलरशिपवाल्यांना वर्गणी माफ. हिमालयाच्या कॅम्पला राखीव जागा.
३. वाटाड्याची आणि ओझं वाहणाऱ्याची मजुरी आधी ठरवा. अहवालात त्यांची नावं छापा.
४. रायगडला जाताना महाडला उतरा. १९२७ साली जिथं माणसांनी माणूस म्हणून पाणी उचललं, त्या चवदार तळ्यावर उभे राहा आणि मग गड चढा.

हे मानलं तर एका दोराला बांधून घेऊ. नाही मानलं तर 'सर्वांचा' हा शब्द बोर्डावरून पुसा. तेवढा तरी खरेपणा दाखवा!

जयभीम.